पारा सोनं सोडत नाही

"तुम्ही काय काम करता?" डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं.

"काय न्हाई, घरीच असते," आई म्हणाली.

मी शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसले होते. मला त्यात काही खटकलं नाही. आमच्या गल्लीतली कुठलीही बाई हेच सांगते. रेशनवाल्याला हेच, खानेसुमारीला आलेल्या मास्तरला हेच. बाईंनी मान हलवली, पुढच्या प्रश्नावर गेल्या. तंबाखू खाता का? मिश्री लावता का?

"मिश्री लावते की. लहानपणापासनं," आई म्हणाली. "आता बंद करते."

"आता बंद करून काय करतीस?" मी म्हटलं. आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला.

आईच्या जिभेच्या कडेला गाठ होती. आधी तिला ते तोंड आल्यासारखं वाटायचं. हळद लावली, मध लावला, शेवटी बोलताना थुंकीत रक्त यायला लागलं तेव्हा पप्पांनी तिला हायवेपलीकडच्या या नव्या हॉस्पिटलात आणायला सांगितलं. ते स्वतः आले नाहीत. त्या दिवशी त्यांना पोतं आणायला गुजरीत जायचं होतं.

गुजरी म्हणजे कोल्हापूरचा सोन्याचा बाजार. आमची गल्ली तिच्या मागं. सोनार दागिना घासतो, कापतो, तेव्हा सोन्याची बारीक धूळ उडते. ती फरशीवर पडते, पायपुसण्यात अडकते, मोरीत जाते. त्या सगळ्या केराला झार म्हणतात. पप्पा दुकानदुकान फिरून ती झार विकत आणतात. म्हणून पप्पा झारेकरी. आता गुजरीतली अर्धी दुकानं दागिने मशीनवर छापून काढतात, तिथं धूळ उडतच नाही. पण सोन्याचा भाव इतका चढलाय की जी काय मूठभर झार मिळते तीसुद्धा कुणी सोडत नाही.

पोतं घरात आलं की पप्पांचा धंदा संपला. पुढचं आई करते. झार जाळायची, कुटायची, चाळायची, परातीत पाणी घालून हलवत हलवत माती वाहू द्यायची. शेवटी तळाला काळा गाळ उरतो. मग आई फळीवरची जुनी अत्तराची बाटली काढते. त्यात पारा असतो. पाऱ्यावर सरकारची बंदी येऊन कितीतरी वर्षं झालीत, तरी गल्लीत तो मिळतो. तो गाळात ओतायचा आणि बोटांनी मळत बसायचं, कणीक मळतो तसं. पारा मातीला शिवत नाही, दगडाला शिवत नाही, फक्त सोन्याला धरतो. मग ते कापडात घालून पिळायचं, आणि उरलेला गोळा चुलीवर तापवायचा. पारा वाफ होऊन उडतो आणि सोनं राहतं. वाफ कुठं जाते? कुठं जाणार, एकच तर खोली आहे.

परातीवर बसायच्या आधी आई अंगावरचं सगळं सोनं उतरवते. आधी नाकातली चमकी, मग कानातली फुलं, शेवटी मंगळसूत्र. दारामागच्या खिळ्याला अडकवते. पारा लागला तर दागिना पांढरा पडतो, ठिसूळ होतो. गल्लीत प्रत्येक घराच्या दारामागं असा एक खिळा आहे.

एवढं सगळं करून झाल्यावर आई म्हणते, घरीच असते.

*

डॉक्टरीणबाईंचं नाव अनघा हळबे. वयानं फार मोठ्या नव्हत्या. पायात साधी चप्पल होती आणि बोलताना पेनाचं टोपण चावायची सवय. मला शाळेत शिकवणारी माणसं आवडत नाहीत. नववीत मी एका सरांच्या अंगावर डस्टर फेकून जी बाहेर पडले ती परत गेलेच नाही. पण या बाई शिकवत नव्हत्या, सांगत होत्या.

"दोन रस्ते आहेत, वंदनाताई," त्या आईला म्हणाल्या. "एक ऑपरेशन. गाठ जिभेच्या मुळापर्यंत गेलीय, त्यामुळे जीभ पूर्ण काढावी लागेल."

आई एकदम गप्प झाली. आई गप्प झालेली मी फार कमी वेळा बघितलीय. नळाला कधीही पाणी आलं की गल्लीला पहिलं आई सांगायची. दारात उभी राहून अशी ओरडायची, "पाणी आलं गं बायांनो!" की पलीकडच्या गल्लीतल्या बायका पण हंडे घेऊन उठायच्या. नळावर मालनकाकूशी तिचं रोज भांडण. मालनकाकू आमच्या भिंतीला भिंत लावून राहते, तीही झार धुते. दोघी भांडायला लागल्या की गुजरीतले कारागीर चहा हातात धरून ऐकत उभे राहायचे.

"दुसरा रस्ता सांगा बाई," आई म्हणाली.

"दुसरा रस्ता सोन्याचा."

बाईंनी सांगितलं ते असं. सोन्याचे कण करायचे. किती बारीक? आपल्या डोक्यावरचा एक केस उभा चिरून त्याचे चाळीस हजार भाग केले तर त्यातला एक, तेवढा. म्हणजे दोन नॅनोमीटर. हे कण रक्तात सोडले की ते गाठीत जाऊन बसतात, कारण गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, भोकाभोकाच्या. मग तोंडात बारीक नळी घालून गाठीवर एक खास प्रकाश टाकायचा. बाकीच्या मांसाला त्याचं काही नाही. पण सोनं तापतं. गाठ आतल्या आत भाजून मरते आणि जीभ राहते.

"मग एवढी वर्षं का न्हाई केलं?" मी विचारलं.

बाई हसल्या. "कारण सोनं जायचंच नाही शरीरातून. ते गंजत नाही, विरघळत नाही. गाठीत राहायला ते मोठं असावं लागतं. पण मोठं सोनं पुढं यकृतात जाऊन बसायचं, वर्षानुवर्षं. कॅन्सर बरा व्हायचा आणि यकृत बिघडायचं. आणि बारीक सोनं दिलं तर ते गाठीत थांबायचंच नाही. मूत्रपिंडाच्या चाळणीतून सरळ लघवीत."

"चाळण केवढी?"

"साडेपाच नॅनोमीटर. त्याच्या आतलं सगळं बाहेर."

चाळण म्हटल्यावर आईनं मान वर केली. हे तिला कळत होतं.

"मग आम्ही काय केलं, हे बारीक कण धाग्यानं ओवले. धागा म्हणजे एक प्रथिन, त्यात गंधक असतं, गंधकाला सोनं चिकटतं. ओवून त्याचा गोळा केला. गोळा मोठा, म्हणून गाठीत थांबतो. प्रकाश टाकला की गाठही भाजते आणि धागाही तुटतो. माळ तुटली की मणी सुटे. मग ते चाळणीतून बाहेर. आधी नमुन्याचा छोटा डोस देऊ. त्यात धागा आपोआप सुटणारा असतो. आत गेलं तेवढं लघवीतून बाहेर आलं, की मोठा डोस आणि प्रकाश."

"म्हणजे सोनं मुतायचं," आई म्हणाली.

"आई!"

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. "आणि सगळं बरणीत धरून ठेवायचं. एक थेंब सांडायचा नाही. आम्ही मोजतो."

घरी जाताना रिक्षात आई इतकी हसत होती की रिक्षावाला आरशातून बघायला लागला. "जल्मभर सोनारांची धूळ धुतली गं मी," ती म्हणाली. "आता त्या मालनीला सांगते, माझी मोरी तुझ्या तिजोरीपेक्षा महाग हाय म्हणावं."

*

नमुन्याचा डोस दिला. आईला वॉर्डात ठेवलं. बरण्यांवर तिचं नाव होतं. ती प्रत्येक बरणी नर्सच्या हातात देताना म्हणायची, "जपून हं ताई, बावीस कॅरेट हाय." सगळा वॉर्ड हसायचा.

पण सोनं बाहेर आलं नाही.

थोडं आलं. आत गेलं त्याच्या चौथाईसुद्धा नाही. बाईंना वाटलं, उशीर होत असेल. अजून दोन दिवस वाट बघितली. मग एका दुपारी त्या आमच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या. पेनाचं टोपण तोंडात नव्हतं.

"वंदनाताई, तुमच्या लघवीत आम्हाला पारा सापडलाय. बऱ्यापैकी. कुठून आला असेल? घरात जुना थर्मामीटर फुटला होता? कुठलं भस्म, वैदूचं औषध?"

मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं नाही.

"न्हाई बाई. पारा आमच्याकडं कुठला?"

"नक्की?"

"आम्ही साधी माणसं. मी घरीच असते."

बाईंनी हातातली फाइल उघडली. मग सांगितलं, पारा मूत्रपिंडात साठतो. वर्षानुवर्षं तिथंच बसून राहतो. कण चाळणीपाशी येतात आणि तिथंच अडकतात, असं स्कॅनवर दिसतंय. अजून थोडा तपास करू, मोठा डोस पुढं ढकलू. त्या उठून गेल्या.

पुढचं सांगायची गरजच नव्हती. मी ते लहानपणापासून परातीत बघत आलेय. पाऱ्याच्या वाटेत सोनं आलं की पारा ते सोडत नाही. कणाला कण चिकटतो, बघता बघता गोळा होतो. फक्त हे आईच्या आत चाललं होतं, आणि पिळायला कापड नव्हतं.

"सांग त्यांना," मी म्हटलं.

"हळू बोल."

"आई, सांग त्यांना. न्हाईतर मी सांगते."

आईनं माझं मनगट धरलं. बायकांच्या बाथरूमपाशी ओढत नेलं. तिचा हात सुजला होता, पण पकड परात हलवणाऱ्या बाईचीच.

"ऐक अंबे. पाऱ्याचं कळलं की ह्या लोकांनी मला ह्यातनं काढलंच समज. मग काय उरतं? कात्री."

"मग जगशील तरी."

"जगीन?" तिनं जीभ बाहेर काढली. कडेला ती लाल-पांढरी गाठ. "आमच्या माहेरच्या तानूआत्याची जीभ काढली होती. बघितलंयस का तू? न्हाई बघितलंस. घरात ढोर बांधल्यासारखी बसायची. हुं हुं करायची. पोरं नक्कल करायची तिची. मी पण केलीय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चिडलेलाच. "एक डोस राहिलाय. तेवढा होऊ दे. गाठ जळू दे. मग पाऱ्याला काय धरायचं ते धरू दे."

"किडनी बंद पडली म्हणजे?"

"पडंल तेव्हा बघू."

"पडंल तेव्हा बघू! वाटाणं सोलतीयास का?"

"माझी शपथ हाय तुला."

"तुझ्या शपथेला..." मी म्हणायला गेले आणि थांबले. आईची शपथ मी कधी मोडली नव्हती. शाळा मोडली, लोकांच्या काचा मोडल्या, पण ती नाही.

मी भिंतीवर लाथ मारली. एक नर्स ओरडली. आई म्हणाली, "लक्ष देऊ नका ताई, पोरगी जरा तापट हाय," आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

*

आठवडाभर मी गप्प बसले. आईचे पाय रोज थोडे जास्त सुजत होते. सकाळी तोंड इतकं फुगलेलं असायचं की डोळे बारीक दिसायचे. बरण्या अर्ध्यावर आल्या. ती बावीस कॅरेटचा विनोद करायची, पण आता आधी दम घ्यायला थांबायची. पप्पा डबा घेऊन यायचे, खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे. बाईंनी त्यांनाही पाऱ्याचं विचारलं. पप्पा म्हणाले, "मी कधी हातात धरला न्हाई." ते खरंच होतं. त्यांनी कधीच धरला नव्हता.

पारा कुठून आला ते बाईंना सापडेना; कुठल्या तरी भस्मातला, थोडाच असेल, असं त्यांनी धरलं. त्या खोटं बोलण्यातल्या नव्हत्या, म्हणून समोरचा खोटं बोलत असेल हे त्यांना पटकन सुचत नसावं. गाठ मात्र वाढत होती. शेवटी त्या म्हणाल्या, धोका आहे, पण थांबण्यातही धोका आहे. मोठा डोस उद्या देऊ.

मला ती खोली आठवते. पांढरा उजेड, मधे खुर्ची. नर्सनं आईपुढं स्टीलचा मोठा ट्रे आणून ठेवला. त्यात सुई, कापूस, आणि एका काचेच्या नळीत ते औषध. सोन्याचं औषध पिवळं नसतं. इतकं बारीक केलं की सोन्याचा रंग जातो, ते काळसर-तपकिरी दिसतं, परातीच्या तळाच्या गाळासारखं.

आई त्या ट्रेपुढं बसली. आणि तिचे हात आपोआप वर गेले.

आधी नाकातली चमकी. मग कानातली फुलं. मग मंगळसूत्र. तिचं लक्षसुद्धा नव्हतं. ती नर्सशी काहीतरी बोलत होती, पाणी किती वाजता येतं तुमच्याकडं, असलं काहीतरी. सगळं काढून तिनं डावा हात मागं केला. खिळा शोधत होती. तिथं खिळा नव्हता. तिथं मी होते. तिनं ते सगळं माझ्या हातात ठेवलं.

"दागिने का काढलेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मी सांगितलं नव्हतं."

आईचा हात हवेतच राहिला.

"सवय हाय बाई."

"कसली सवय?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या मुठीत मंगळसूत्र गरम होत होतं. नर्सनं आईच्या दंडाला रबरी पट्टा बांधला होता आणि नळीचं झाकण काढलं होतं.

"अंबिका," बाई म्हणाल्या, "कसली सवय?"

आई माझ्याकडं बघत होती. ती मान हलवत नव्हती, डोळे मोठे करत नव्हती. नुसती बघत होती.

"पाऱ्याची," मी म्हटलं. "ती घरी पारा मळते. हातानं. चुलीवर उडवते. माझ्या जन्माच्या आधीपासनं. ते देऊ नका तिला. ती घरीच असते म्हणजे हे करत असते, कळलं का? हे करत असते!"

मी किंचाळत होते, असं नंतर पप्पांनी सांगितलं. ते बाहेर बाकावर होते, त्यांना ऐकू गेलं. बाईंनी नळी नर्सच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली. मग त्या खुर्चीत बसल्या, एकदम थकल्यासारख्या.

"ताई," त्या आईला म्हणाल्या, "हा डोस गेला असता तर मूत्रपिंडं बंद पडली असती. तुम्ही वाचला नसता." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारख्या, "पारा काढायचं औषध आहे हो. चार-सहा महिने लागतात. पारा धुऊन काढायचा आणि मगच सोनं द्यायचं. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर..."



"मग आता द्या की ते औषध," मी म्हटलं.

"गाठ तेवढं थांबणार नाही. आणि मूत्रपिंडं आता अर्धीच चालतायत."

आईनं दंडाचा पट्टा स्वतःच सोडला. माझ्यापुढं हात केला. मी तिच्या हातात चमकी, फुलं, मंगळसूत्र दिलं. तिनं ते घातलं नाही. पदराच्या टोकाला बांधलं.

"झालं तुझं?" ती मला म्हणाली.

ते शेवटचं.

*

आमच्याकडं अबोला धरतात. नवरा-बायको धरतात, जावा-जावा धरतात, आई आणि मालनकाकूनं एकदा अख्खी दिवाळी धरला होता. अबोल्याची रीत असते. त्या माणसाशी बोलायचं नाही, पण भिंतीशी बोलायचं, मांजराशी बोलायचं, म्हणजे त्याला ऐकू जातं. जेवायला वाढायचं, पण वाढते म्हणायचं नाही. आणि कधीतरी कुणीतरी मोडतं. मोडायचाच असतो तो.

ऑपरेशनची तारीख ठरली. आई सगळ्यांशी बोलत होती. नर्सशी, शेजारच्या खाटेवरच्या आजींशी, फोनवर मावशीशी. इतकं बोलत होती की रक्त यायचं. मी पाणी पुढं केलं की ती घ्यायची आणि खिडकीला म्हणायची, "गार हाय."

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलनं तिचा आवाज भरून घेतला. आता तसं मशीन मिळतं. जीभ जाण्याआधी माणसानं तीन-चार दिवस बसून बोलायचं, वाक्यं वाचायची, हाका मारायच्या. नंतर फोनवर लिहिलं की ते मशीन त्याच आवाजात बोलतं. आई आधी लाजली, मग रंगात आली. मी दाराबाहेर बसून ऐकायचे. आतून आवाज यायचा, "पाणी आलं गं बायांनो!" आणि ते भरून घेणारा मुलगा म्हणायचा, "ताई, माइक फाटेल."

"आता घरच्यांची नावं घ्या," तो एकदा म्हणाला. "नेहमी मारता तशा हाका."

"ह्यांचं नाव न्हाई घेत मी. 'अहो' लिहा."

"बरं. आणि मुलगी?"

मी दाराला कान लावला.

"तिचं मागनं घेऊ," आई म्हणाली.

मागून घेतलं नाही. मी रोज बसले होते दाराबाहेर. मला माहीत आहे.

ऑपरेशनच्या सकाळी तिला खाटेवरून ढकलत नेलं. पप्पा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. ती पप्पांना म्हणाली, "अहो, दूध उतू जाऊ देऊ नका." दारापाशी खाट थांबली. तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. ओठ उघडले. मला वाटलं, आता. शिवी तरी देईल. सटवे म्हणेल, भवाने म्हणेल, काहीही. कुणीतरी आतून म्हणालं, "घ्या," आणि दार बंद झालं.

म्हणजे तिचा अबोला कुठं संपला आणि जिभेचं जाणं कुठं सुरू झालं, मला अजून सांगता येत नाही.

*

आई वाचली. पातळ खाते, अर्ध्या मूत्रपिंडांवर चालते, लवकर दमते. आवाजाचं मशीन तिच्या गळ्यात असतं, लॉकेटएवढं. दूधवाल्याशी ती त्याच्यावरून बोलते. पप्पांना "अहो" म्हणते. हुबेहूब तिचा आवाज, फक्त तोंड मिटलेलं. दूधवाला पहिल्यांदा घाबरला होता.

मला बोलवायचं असलं की ती परात वाजवते. बोटाच्या पेरानं, दोनदा.

परातीत आता पारा नसतो. बाटली मी नेऊन हॉस्पिटलात दिली. झार आता आम्ही तशीच विकून टाकतो. मिळायचं त्याच्या निम्मं मिळतं.

डॉक्टरीणबाई कधीमधी फोन करतात. एकदा त्यांनी सांगितलं, आता सोनं द्यायच्या आधीच त्या प्रत्येकाची लघवी पाऱ्यासाठी तपासतात. आणि पहिला प्रश्न बदललाय. काय काम करता असं विचारत नाहीत. "तुझ्या आईमुळे हे औषध सुरक्षित झालं, अंबिका," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवून दिला. त्यांचा दोष नव्हता, पण मी ठेवून दिला.

आणि मग मालनकाकूच्या हिरडीला गाठ आली. तीही मिश्रीवालीच. तिला त्याच हॉस्पिटलात नेलं.

परवा ती आमच्याकडं पेढे घेऊन आली. आईच्या समोर फतकल मारून बसली आणि सुरू झाली. दोघींचं भांडण कधीचंच संपलंय. एकटीनं भांडता येत नाही.

"वंदे, काल तिखट खाल्लं बघ. पहिल्यांदा. तांबडा रस्सा! डोळ्यांतनं पाणी, पण काय बरं वाटलं म्हणून सांगू. आधी ती पाऱ्याची औषधं, बाई, पाच महिने. जीव नको झाला. वाटलं आता गाठ खातीय मला. पण हिरडीची होती, हळू वाढणारी, थांबली. मग दिलं सोनं. सगळं बाहेर! नर्स म्हणाली, काकू, कण न् कण आला."

आई तिच्या तोंडाकडं बघत होती. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. ओठ कसे हलतात, जीभ कशी दातांना लागते.

"आणि सुरवातीला काय झालं माहितीय का? तिथल्या फॉर्म भरणाऱ्या पोरीनं विचारलं, सकाळी उठल्यापासनं काय काय करता? मी म्हटलं, काय करणार, घरीच असते. तर म्हणती, घरी असता म्हणजे काय करता, ते सगळं सांगा. आता आजवर कुणी इचारलंय व्हय आपल्याला हे? मला हसूच आलं. मग सांगितलं, झार, परात, पारा, सगळं. ती आपली लिहीत बसली." मालनकाकूनं पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला. मग एकदम तिच्या लक्षात आलं, आपण कुणापुढं बोलतोय. पेढा तसाच गालात राहिला. "येते गं," ती म्हणाली, आणि उठून गेली.

मी पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवला, अत्तराची बाटली असायची त्या जागी. मागं वळले तर आई फोनवर लिहीत होती. ती सातवी शिकलीय, एकेक अक्षर शोधून लिहिते. मला वाटलं, पप्पांना निरोप असेल.

तिनं बटण दाबलं.

"मी घरीच असते असं का म्हणाले गं?"

तिचाच आवाज. माझ्याशी. एवढ्या महिन्यांनी.

माझ्याकडं नेहमी उत्तर असतं. चुकीचं असलं तरी असतं. म्हणून तर शाळेतून बाहेर पडले. मी तोंड उघडलं. मला एवढे महिने वाटत होतं की ती माझ्यावर चिडलीय. शपथ मोडली म्हणून. मी त्या रागाशी रोज मनातल्या मनात भांडत होते, बाजू मांडत होते, तिला गप्प करत होते. आणि ती माझ्याशी भांडतच नव्हती. ती तिथंच बसून होती, त्या पहिल्या दिवशीच्या खुर्चीत, त्या पहिल्या प्रश्नापाशी.

ती माझ्याकडं बघत होती. तिनं पुन्हा बटण दाबलं.

"मी घरीच असते असं का म्हणाले गं?"

माणूस दुसऱ्यांदा विचारतं तेव्हा आवाज चढतो, नाहीतर फुटतो. मशीनचा तसा होत नाही. तोच सूर, तोच "गं", तेवढाच मऊ.

तिसऱ्यांदा तिचं बोट बटणाकडं गेलं तेव्हा मी ते धरलं. बोटांची टोकं अजून तशीच आहेत, पारा मळून मळून गुळगुळीत, रेषा पुसलेली. मी तिच्या शेजारी खाली बसले. परात आमच्या दोघींच्या मधे होती, रिकामी.

बाहेर नळाला पाणी आलं. आम्हा दोघींना ऐकू येत होतं. गल्लीत कुणी ओरडलं नाही. ते तसंच वाहत राहिलं.